चालीपुढची कोरी जागा

पप्पांच्या वह्या महापालिकेच्या होत्या. लांबट, निळ्या रेघांच्या, पाणीपुरवठा खात्याचा शिक्का मारलेल्या. कुठला व्हॉल्व्ह किती वाजता उघडला आणि किती वाजता बंद केला हे लिहायला त्या मिळायच्या. पप्पा चावीवाले होते. पुण्यात पाणी सोडणाऱ्या माणसाला चावीवाला म्हणतात. छातीपर्यंत येईल एवढी लोखंडी चावी सायकलला आडवी बांधून ते दांडेकर पुलाजवळच्या आमच्या वस्तीतून कोथरूडला जायचे, रस्त्यातलं झाकण उचलायचे, चावी घालून फिरवायचे आणि पाणी पुढच्या सोसायट्यांपर्यंत पोचेस्तोवर कडेला बसून राहायचे. त्या बसण्यात त्यांनी शंभराच्या वर गाणी लिहिली.

ती सगळी जयंतीची गाणी. एप्रिलमध्ये विहारासमोर मांडव पडला की पप्पांची गायन पार्टी उभी राहायची. पप्पा मुख्य गायक, एक ढोलकीवाले, एक पेटीवाले आणि मागे तीन कोरसवाले. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर पप्पा आधी 'चाल –' असं लिहायचे आणि पुढे त्या साली गाजत असलेल्या सिनेमातल्या एखाद्या गाण्याचे पहिले दोन शब्द. त्याखाली आपलं गाणं. त्यामुळे व्हायचं असं, की नायिका जिथे ओढणी उडवत बागेत पळायची, तिथे पप्पा मुलींना शाळेत घाला म्हणून सांगायचे. लोक पहिल्या ओळीला चाल ओळखायचे आणि दुसऱ्या ओळीपासून अख्खा मांडव गायला लागायचा.

लहानपणी मला त्याचा अभिमान होता. कॉलेजात गेल्यावर लाज वाटायला लागली. कॉलेजातल्या मैत्रिणींच्या घरी भिंतीला टेकवलेले तानपुरे होते. आमच्याकडे काय होतं, तर दुसऱ्याच्या चाली. मी घरी कुणाला आणायची नाही आणि कारण विचारलं की घर लहान आहे म्हणायची. घर लहान होतं हे खरंच होतं, त्यामुळे खोटं बोलल्यासारखं वाटायचं नाही.

मग हिंजवडी आली. आली म्हणजे ती होतीच तिथे, आम्हीच तिच्याकडे गेलो. मला एका कंपनीत टेस्टिंगची नोकरी लागली; दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या. पहिल्या पगारातून आईला साडी घ्यायची असते. मी गिटार घेतली. आई म्हणाली, "नेसता येईल का ही?" आणि स्वयंपाकघरात गेली. पप्पांनी मात्र गिटार मांडीवर घेतली, एक तार छेडली आणि कान लावून ती विरेपर्यंत ऐकत बसले.

मी गाणी करायला लागले ती कंपनीच्या बसमध्ये. जाताना दीड तास, येताना कधी दोन. खिडकीशी बसायचं, डोळे मिटायचे आणि तोंडातल्या तोंडात गुणगुणत राहायचं. माझी पद्धत पप्पांच्या बरोब्बर उलटी होती आणि ती तशी आहे याचा मला माजही होता. आधी चाल, मग शब्द. चाल अशी, की जी कुणालाच कशासारखी वाटता कामा नये. नवी चाल झाली की मी शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला ऐकवायची आणि विचारायची, "हे कुठे ऐकल्यासारखं वाटतं का?" ती जरा जरी "म्हणजे, थोडंसं…" म्हणाली की ती चाल मी टाकून द्यायची. किती चांगल्या चाली त्या 'थोडंसं'पायी गेल्या कोण जाणे. शब्द मात्र मी बोलण्यातून उचलायची. रिक्षावाल्याचं "तिकडे नाही जायचं", ऑफिसातल्या मुलांचं अर्धं इंग्रजी, रात्रपाळी करून आलेल्या मुलीचं आईशी फोनवर "जेवले गं" म्हणणं. अशातून गाणी झाली. पुढे मोबाइलमध्ये रेकॉर्डिंगची सोय आली तेव्हा मी रिक्षाचे, कुकरचे, मंडईतल्या ओरडण्याचे आवाज साठवायला लागले. पप्पांचा आवाज साठवावा असं मला एकदाही सुचलं नाही. ते घरातच होते.

आधी कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात गायले, मग कॅफेंमध्ये. तिथे लोक सँडविच खाता खाता ऐकायचे आणि संपलं की विचारायचे, "ओळखीचं काहीतरी म्हणा ना." मी म्हणायची नाही. ओळखीचं म्हणायला पुण्यात माणसं काय कमी आहेत? हळूहळू मात्र वीस-पंचवीस लोक माझ्याच गाण्यांसाठी यायला लागले. ती गाणी इंटरनेटवर टाकली तेव्हा परगावाहून अनोळखी माणसांचे निरोप आले. एका एफएम रेडिओने मुलाखतीला बोलावलं.

ती मुलाखत मला आजही शब्दन् शब्द आठवते, कारण आठवू नये असं फार वाटतं. निवेदिकेने विचारलं, गाणं घरातूनच आलं का? मी म्हणाले, "वडील जयंतीत गायचे. पण ते सिनेमाच्या चालींवर शब्द बसवायचे. मी ठरवलं होतं, आपण उसनं काही घ्यायचं नाही." निवेदिका "वा" म्हणाली. मलाही आपण काहीतरी बाणेदार बोललो असं वाटलं.

घरी आले तेव्हा पप्पा रेडिओपाशीच बसलेले होते. ते नुकतेच निवृत्त झाले होते. म्हणाले, "आवाज स्वच्छ आला तुझा." एवढंच. आईने ताट माझ्यापुढे जरा जोरात ठेवलं. मी जेवले आणि झोपले. पण सकाळी बसमध्ये काही सुचेना. पप्पांचं ते "स्वच्छ" कानात बसलं होतं. आपण चुकलो हे मला कळलं होतं. चूक कबूल करायची म्हणजे तोंड उघडून "पप्पा, चुकले" म्हणायचं असतं, एवढं साधं मात्र कळलं नव्हतं. मी ठरवलं, पप्पांचं एखादं गाणं घ्यायचं आणि आपल्या कार्यक्रमात म्हणायचं. माफी मागण्यापेक्षा ते मला सोपं वाटलं आणि दिसायलाही बरं होतं.

वह्या काढल्या. पानामागून पान, डोक्यावर 'चाल –' आणि पुढे सिनेमा. असं गाणं माझ्या कार्यक्रमात कसं म्हणणार? मी उलटत राहिले आणि एका वहीच्या मध्ये एक पान सापडलं. 'चाल –' लिहिलं होतं आणि पुढे काहीच नव्हतं. कोरी जागा. खाली गाणं मात्र पुरं होतं, मुखडा आणि तीन कडवी.

पाणी कुणाच्या बापाचं नाही, वाहतं ते वाहू द्या
ओंजळ माझ्या लेकीची आता काठोकाठ भरू द्या

मी दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. इतकं साधं मला कधी लिहिता आलं नव्हतं. वही घेऊन मी पप्पांकडे गेले. ते ओट्यावर बसून कोथिंबीर निवडत होते. मी म्हणाले, "पप्पा, या गाण्याला चाल लावायची राहून गेलीय. मी लावू?"

त्यांनी हात पुसले, वही घेतली, पान पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग वही परत दिली आणि म्हणाले, "लाव."

मी तीन आठवडे त्या चालीवर घालवले. इतका जीव मी दुसऱ्या कुठल्या गाण्यात ओतला नाही. वाघोलीला एका मित्राच्या फ्लॅटमध्ये, गाद्या भिंतींना लावून, नगर रस्त्यावरचे ट्रक जरा थांबतील तेवढ्यात एकेक कडवं रेकॉर्ड केलं. आणि कोथरूडमधल्या सभागृहात माझा पहिला मोठा कार्यक्रम झाला तेव्हा शेवटचं गाणं म्हणून ते ठेवलं.

पप्पा तिसऱ्या रांगेत होते. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. शेजारी आई, माझ्या पहिल्या पगारातून न घेतलेल्या साडीत. मी माइकवर म्हणाले, "माझ्या वडिलांचं एक गाणं इतकी वर्षं चालीवाचून पडून होतं. आज मी त्याला चाल दिली आहे." टाळ्या पडल्या. गाणं झालं तेव्हा लोक उभे राहिले. मी पप्पांनाही उभं राहायला लावलं आणि त्यांनी सगळ्या बाजूंना वळून हात जोडले. बाहेर चहाच्या वेळी एक बाई त्यांना म्हणाल्या, "तुम्हाला कुठेतरी पाहिलंय हो." पप्पा म्हणाले, "पाणी सोडायचो तुमच्याकडे." त्या म्हणाल्या, "अगंबाई. आमच्या तिसऱ्या मजल्यावर प्रेशर कधी आलंच नाही बघा." पप्पा मनापासून हसले. रिक्षात मी विचारलं, "चाल कशी वाटली?" ते म्हणाले, "गोड आहे. लगेच तोंडात बसते." मी सुखावले. माझ्या मते हिशेब मिटला होता.

ते गाणं माझ्या बाकी सगळ्या गाण्यांच्या पुढे गेलं. शाळांच्या स्नेहसंमेलनात म्हटलं गेलं, मुलींनी आपापल्या मोबाइलवर म्हणून इंटरनेटवर टाकलं, पुढे आमच्या विहारातही जयंतीला वाजलं. कार्यक्रम वाढले तशी मी नोकरी सोडली. नाव झालं म्हणतात तसं थोडंफार झालं. पप्पा रोज संध्याकाळी विहाराच्या पायरीवर बसायचे आणि कुणी गाण्याचं काढलं की म्हणायचे, "तिची चाल आहे ती."

कार्यक्रमानंतर दोन वर्षांनी ते गेले. हृदयाचा त्रास होता, औषधं चालू होती, एका दुपारी झोपले ते उठले नाहीत. ती दोन वर्षं मी घरातच राहत होते. रोज एकत्र चहा प्यायचो. मी त्यांना एकदाही म्हटलं नाही, की पप्पा, जरा गा.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात माणसं मावेनात. त्रिशरण-पंचशील झालं, बोलणारे बोलले, आणि शेवटी मंडळाच्या पोरांनी स्पीकरवर माझं ते गाणं लावलं. मी खाली मान घालून बसले होते. गाणं संपल्यावर एक वयस्कर गृहस्थ माझ्यापाशी आले. ते पप्पांच्या कोरसमध्ये असायचे; आता थेऊरकडे मुलाच्या शेतावर राहायचे. मी त्यांना बऱ्याच वर्षांनी पाहत होते. जयभीम झालं, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाळ, गाणं चांगलं म्हणलंस. पण चाल बदललीस व्हय?"

मी म्हणाले, "काका, त्याला चाल नव्हती. मी लावली."

"नव्हती कशी? हाय की. तुझ्या बापाची सोताची चाल हाय ती. तू झालीस त्या साली केली त्यानं."

मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा घोटाळा होतोय. मी वहीबद्दल सांगितलं. चालीपुढची जागा कोरी आहे म्हणाले.

"मग काय लिव्हणार तो?" काका म्हणाले. "दुसऱ्याची असली तर ध्यानात ऱ्हावी म्हणून लिव्हायची. सोताची लिव्हायला तो काय इसरणार होता?"

मी सरकून त्यांना शेजारी जागा दिली. काका टेकले आणि सांगत गेले. मी जन्मले तेव्हा पप्पांनी पहिल्यांदा आणि शेवटचं, शब्दांसकट चालीसकट गाणं केलं. पार्टीने महिनाभर बसवलं. जयंतीच्या दिवशी म्हटलं. आणि लोक गायले नाहीत. गाणं वाईट नव्हतं, कुणाला ती चाल माहीत नव्हती. सगळे गप्प ऐकत बसले. पप्पा खाली उतरले आणि म्हणाले, मांडव गप्प बसला तर आपल्या गाण्याचा काय उपयोग? अर्ध्यांना वाचता येत नाही, कागद वाटून चालायचं नाही. चाल त्यांच्या तोंडातली पाहिजे, म्हणजे शब्द घरी घेऊन जातील. त्यानंतर पार्टीने ते गाणं कधी म्हटलं नाही.

म्हणजे ज्याला मी आयुष्यभर उसनं म्हणत आले, ते त्यांनी जाणून निवडलं होतं. चाल करता येत नव्हती म्हणून नव्हे. करता येत होती, आणि ती त्यांनी बाजूला ठेवली होती.

मी म्हणाले, "काका, म्हणून दाखवा." त्यांनी घसा साफ केला आणि मुखडा म्हटला. आवाज चिरका, सूर हलत होता, तरी कळली. संथ, खालून वर चढत जाणारी चाल होती, 'लेकीची'वर जरा थांबणारी. माझ्या चालीपेक्षा चांगली होती. हे मी दुःखातून म्हणत नाही, कामातलं कळतं म्हणून म्हणते.

"आणि कडवं?"

काका म्हणाले, "कडवं तो एकटाच म्हणायचा, बाळ. आमी कोरसवाले. आमाला मुखडाच." कडव्याच्या वेळी ते पुढची ओळ कधी उचलायची तेवढ्याकडेच लक्ष ठेवून उभे असायचे. मुखडा त्यांना हजार वेळा घोटून दिलेला होता. कडवी कुणाला दिलीच नव्हती. ढोलकीवाले गेले होते. पेटीवाल्या काकांना भेटायला मी हडपसरला गेले, तर ते मलाच ओळखेनात.

घरी येऊन आईला विचारलं. आई म्हणाली, "मला माहीत होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मी म्हटलं त्यांना, सांगा तिला. ते म्हणाले, राहू दे. रेडिओवर तसं बोलली, आता वही मागायला आली आहे. आता सांगितलं तर तिला दुसऱ्यांदा लागेल. शिवाय तिची चाल लोकांच्या तोंडात बसेल, माझी बसली नव्हती." मग आई म्हणाली, "कार्यक्रमाहून आल्यावर दोन दिवस जेवले नाहीत नीट. पोट बिघडलंय म्हणाले."

मी आईला म्हणाले, तू मांडवात होतीस, मला मांडीवर घेऊन बसली असशील, तुला कडवं आठवत असेल. आई म्हणाली, मला कुठे गाता येतं. मी हट्टच धरला. मोबाइल समोर ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं. तिने डोळे मिटले, पहिल्या कडव्याचा पहिला शब्द घेतला, आणि तिच्या तोंडून माझी चाल आली. ती थांबली. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा माझीच. तिसऱ्यांदा तिने तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "तुझं रोज वाजतंय गं सगळीकडे. त्यांचं पुसलं माझ्यातनं."

तो एप्रिल आला तेव्हा मी विहारात ते गाणं पप्पांच्या चालीत म्हणायचं ठरवलं. कडवी नव्हती. म्हटलं, निदान मुखडा तरी लोकांच्या कानावर घालू. काकांना थेऊरहून बोलावून घेतलं. संध्याकाळी मांडव भरला होता, पोरी पुढे बसल्या होत्या. मी दोन शब्दांत सांगितलं, की ही माझ्या वडिलांची मूळ चाल आहे. स्पीकरच्या गडबडीत किती जणांना ऐकू गेलं माहीत नाही. मग मी आणि काकांनी मुखडा सुरू केला.

मांडव गप्प झाला. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. कुणी तोंड उघडलं नाही. पप्पांना तेव्हा काय वाटलं असेल ते मला त्या वेळी, उभ्या जागी कळलं. आम्ही मुखडा पुन्हा घेतला. पुढच्या पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांना वाटलं, ताई चाल विसरल्या, वडिलांच्या आठवणीने गडबडल्या. त्यातल्या एकीने मला सावरून घ्यायला म्हणून मोठ्याने माझ्या चालीत उचललं. मग दुसरीने. मग सगळ्या मांडवाने, टाळ्या वाजवत, लहानथोर सगळ्यांनी, एका आवाजात. काका दोन ओळी जुन्या चालीतच म्हणत राहिले. मग त्यांचा आवाज ऐकू येईनासा झाला आणि ते नुसते टाळी वाजवायला लागले.

मी थांबवू शकले असते. माइक माझ्या हातात होता. पण मुखड्यानंतर कडवं यायचं होतं आणि ते माझ्याकडे नव्हतं. लोकांनी गाणं हातातून घेतलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. मीही त्यांच्यात मिसळून माझ्याच चालीत तिन्ही कडवी म्हटली. त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज अजून जात नाही.